ओसाकाहून कोयासानला: एका मुक्कामाच्या यात्रेची कृती

जपानच्या वाकायामा प्रांतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, आठ शिखरांच्या कुशीत कोयासान वसलं आहे. कुकाई नावाच्या भिक्षूंना सम्राट सागा यांनी ८१६ मध्ये ही जागा दिली आणि इथे शिंगोन या बौद्ध पंथाचं पीठ उभं राहिलं. कुकाईंना जपानी माणूस आजही आदरानं ‘कोबो दाइशी’ म्हणतो. गावात ११७ मंदिरं आहेत आणि त्यांच्याच मधोमध पोस्ट, शाळा, दुकानं, घरं आणि एक विद्यापीठही आहे. २००४ पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

ओसाकाहून दोन तासांत वर पोचता येतं, म्हणून पुष्कळ जण सकाळी येतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात. तसं करू नये, असं मला मनापासून वाटतं. इथली उपासना पहाटे सुरू होते, आणि ती अनुभवायची तर आदल्या रात्री तिथेच टेकायला हवं. शिवाय रेल्वेनं हळूहळू वर चढणं हाही या यात्रेचा मोठा भाग आहे. त्यामुळे खालची कृती एका रात्रीच्या मुक्कामाची आहे. ती याच क्रमानं केलीत तर घाई होणार नाही आणि महत्त्वाचं काही निसटणारही नाही.

१. आधी मुक्काम ठरवा, मग तिकीट

कोयासानमध्ये राहायचं ते मंदिरात. सुमारे पन्नास मंदिरांमध्ये यात्रेकरूंची सोय होते. या सोयीला ‘शुकुबो’ म्हणतात. आरक्षण कोयासान शुकुबो संघाच्या संकेतस्थळावरून किंवा थेट मंदिराकडे करता येतं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेपलची पानं लाल होतात आणि १३ ऑगस्टला ओकुनोइन या समाधिस्थळी मेणबत्त्यांचा उत्सव असतो. या दिवसांत जायचं तर काही महिने आधी जागा धरा.

आरक्षण करताना चार गोष्टी विचारून घ्या: रात्रीचं जेवण आणि न्याहारी दरात धरली आहे का, पैसे रोख द्यायचे की कार्ड चालतं, खोलीत उबेची सोय आहे का, आणि पहाटेच्या पूजेला पाहुण्यांना बसता येतं का. काही मंदिरांत होमही असतो. तो बघायचा असेल तर तशी सोय असलेलंच मंदिर निवडा. एको-इन हे त्यासाठी प्रसिद्ध आहे.

दुपारी चार-साडेचारपर्यंत मंदिरात पोचायचं ठरवा आणि पाचच्या पुढे कधीही जाऊ नका. जेवण साडेपाच-सहालाच वाढलं जातं आणि उशिरा येणाऱ्यासाठी ते थांबत नाही.

२. ओझं ओसाकातच ठेवा

मोठी बॅग घेऊन वर जाऊ नका. हॉटेलात ठेवा, किंवा नाम्बा स्टेशनवरच्या नाण्यांच्या लॉकरमध्ये. पाठीवर एक छोटी सॅक पुरते. तिच्यात एवढं असू द्या: एक जास्तीचा गरम कपडा (वर ओसाकापेक्षा बराच गारवा असतो, हिवाळ्यात बर्फही पडतो), धड मोजे, चटकन काढता-घालता येतील असे बूट, छत्री, पासपोर्ट आणि रोख येन. मंदिरात बूट वारंवार काढावे लागतात, आणि लाकडी जमीन थंडीत पायांना फार गार लागते. म्हणून मोज्यांचे दोन जोड घ्या.

३. नाम्बाहून नानकाईची गाडी पकडा

कोयासानला जाणारी नानकाई रेल्वे खासगी कंपनीची आहे. परदेशी प्रवाशांचा जपान रेल पास तिच्यावर चालत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. शिनकान्सेननं शिन-ओसाकाला उतरलात तर मिदोसुजी मेट्रोनं पाव तासात नाम्बाला या. कान्साई विमानतळावरून थेट येत असाल तर नानकाईच्याच विमानतळ मार्गानं तेंगाचायापर्यंत या आणि तिथे कोया मार्गाची गाडी धरा. नाम्बापर्यंत जायची गरज नाही.

नाम्बाला दोन पर्याय आहेत.

पहिला, ‘कोया’ नावाची जलद गाडी. ती थेट गोकुराकुबाशीला जाते आणि साधारण ८० मिनिटं घेते. सगळ्या जागा आरक्षित असतात आणि भाड्याशिवाय वेगळा अधिभार पडतो. दिवसात फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून आदल्या दिवशी तिकीट काढा.

दुसरा, साधी एक्सप्रेस. तिला अधिभार नाही आणि आरक्षणही नाही. बऱ्याचदा हाशिमोतोला उतरून समोर उभ्या असलेल्या छोट्या गाडीत बसावं लागतं. सगळं धरून साधारण पावणेदोन तास लागतात.

इकोका किंवा सुइका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड असेल तर तेच फाटकावर टेकवा. पुढच्या केबल गाडीलाही ते चालतं. रेल्वे, केबल आणि वरची बस मिळून सवलतीचं परतीचं तिकीट नानकाईकडे असतं. दोन दिवसांच्या फेरीला ते सोयीचं पडतं का, हे निघण्यापूर्वी बघून घ्या.

पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास नाम्बा सोडा. म्हणजे अकरा-साडेअकराला गावात पोचाल आणि पूर्ण दुपार हाताशी राहील.

४. हाशिमोतोनंतर खिडकी सोडू नका

नाम्बा ते हाशिमोतो हा रोजच्या चाकरमान्यांचा रस्ता आहे: इमारती, शाळेची मुलं, मग मोकळी शेतं. हाशिमोतोला ‘की’ नावाची नदी ओलांडली की रेल्वेचं रूपच बदलतं. रूळ एकेरी होतो, वळणं अंगावर येतात, एका बोगद्यातून निघालो की दुसरा लागतो. एरवीचे डबे २० मीटर लांब असतात. इथे वळणं घेता यावीत म्हणून १७ मीटरचे वापरतात. शेवटच्या टप्प्यात दर १००० मीटरला ५० मीटर असा चढ आहे. केवळ चाकांच्या पकडीवर चढणाऱ्या साध्या गाडीला हा चढ जड असतो, म्हणून वेग खूप कमी होतो आणि वळणावर चाकं कुरकुरतात. जेमतेम २० किलोमीटरचा हा टप्पा गाडीला हाशिमोतोहून साडेचारशे मीटरच्या आसपास वर नेतो.

वाटेत कुदोयामा स्टेशन दिसेल. ते नीट पाहून ठेवा, परतताना तिथे उतरायचं आहे. पुढे वस्ती विरळ होते आणि दरीच्या दोन्ही बाजूंना सुगी देवदाराचं दाट जंगल येतं. रेल्वे येण्यापूर्वी यात्रेकरू हाच डोंगर दिवसभर चालून चढायचे. डब्यात बसून का होईना, त्या चढाची जाणीव आपल्याला या अर्ध्या-पाऊण तासातच होते. मोबाइल बॅगेत ठेवा आणि बाहेर पाहा.

५. गोकुराकुबाशीला केबल गाडीत बसा

गोकुराकुबाशी हे शेवटचं स्टेशन. इथून बाहेर पडायचंच नाही. आतूनच केबल गाडीच्या फलाटावर जायचं. आपल्या वणीच्या सप्तशृंगी गडावर जी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तिच्याच जातीची ही गाडी: दोरखंडाच्या दोन टोकांना दोन गाड्या, एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते. हा मार्ग १९३० मध्ये सुरू झाला. आताचे लाल डबे २०१९ मधले, स्वित्झर्लंडहून आणलेले. पाच मिनिटांत गाडी सुमारे ३३० मीटर वर चढते. रेल्वेच्या वेळेशी तिची वेळ जुळवलेली असते, त्यामुळे धावाधाव करू नका. बसायला मिळालं तर सर्वांत खालच्या टोकाला बसा, तिथून मागे उतरत जाणारी दरी दिसते.

पायांत बळ असेल तर केबल टाळून गोकुराकुबाशीहून फुदोझाका या जुन्या चढानं तासा-दीड तासात वर जाता येतं. पाऊस किंवा बर्फ असेल तर मात्र हा विचार सोडून द्या.

६. वर बस धरा, चालू नका

कोयासान स्टेशन गावाबाहेर आहे. तिथून गावाच्या वेशीवरच्या न्योनिन्दोपर्यंतचा रस्ता फक्त बससाठी राखलेला आहे. त्यावर पायी जायला मनाई आहे. स्टेशनवरच एक दिवसाचा बसपास मिळतो. गावाचा मध्य म्हणजे सेन्जुइनबाशी चौक, साधारण दहा मिनिटांवर.

न्योनिन्दोचा थांबा लागेल तेव्हा आजूबाजूला एक साधं लाकडी देऊळ शोधा. १८७२ पर्यंत या पर्वतावर स्त्रियांना प्रवेश नव्हता. दर्शनाला आलेल्या बायका गावाच्या वेशीवर अशा देवळांत थांबायच्या आणि डोंगरकड्यांवरून गावाला वळसा घालून, दुरूनच शिखरं नि कळस पाहून परतायच्या. अशी सात देवळं होती. उरलं ते हे एकच. आज आपल्या आया-बहिणींसह सरळ आत जाताना दोन मिनिटं इथे थांबावं, असं मला वाटतं. त्या बायकांनी चाललेली वाट अजून आहे आणि वेळ असेल तर तिच्यावरून चालताही येतं.

७. पहिली दुपार: पश्चिमेकडून मध्याकडे

सॅक मंदिरात ठेवा. खोली मिळाली नसली तरी सामान ठेवून घेतात. मग बसनं गावाच्या पश्चिम टोकाला दाइमोनला जा आणि तिथून चालत परत या. दाइमोन म्हणजे २५ मीटर उंचीचं महाद्वार, १७०५ मध्ये पुन्हा बांधलेलं. दोन्ही बाजूंना द्वारपालांच्या भव्य मूर्ती आहेत.

दहा मिनिटं चाललं की दान्जो गारान लागतं. कुकाईंनी बांधकाम सुरू केलं ते इथेच. मधला केशरी-लाल स्तूप म्हणजे कोन्पोन दाइतो, जवळजवळ ४९ मीटर उंच. १८४३ च्या आगीत जुना जळाला, आताचा १९३७ मधला आहे. आत नक्की जा. मधोमध महावैरोचन बुद्ध, चार बाजूंना चार बुद्ध आणि १६ खांबांवर रंगवलेले बोधिसत्त्व. शिंगोन पंथाची दोन मंडलं आहेत, गर्भधातू आणि वज्रधातू. इथे मधली मूर्ती एका मंडलातली आणि भोवतालच्या चार दुसऱ्या मंडलातल्या आहेत. दोन्ही मुळात एकच, हे कुकाईंचं म्हणणं इथे त्या रचनेत उभं आहे. एरवी कापडावर रंगवलेलं मंडल पाहायचं असतं. या स्तूपात आपण मंडलाच्या आत उभे असतो.

पुढे कोंगोबुजी हे पंथाचं मुख्य मंदिर. बूट काढून आत जा आणि सरकत्या दारांवरची चित्रं पाहत सावकाश फिरा. बान्र्युतेई हा पांढऱ्या वाळूचा आणि दगडांचा बगिचा जपानमधला या प्रकारचा सर्वांत मोठा. शिकोकू बेटावरून आणलेले ग्रॅनाइटचे १४० दगड ढगांतून वर येणाऱ्या दोन नागांसारखे मांडले आहेत. कुकाईंचा जन्म शिकोकूचा, म्हणून दगडही तिथले. बाहेर पडताना छपराच्या माथ्यावर पाण्याच्या लाकडी बादल्या दिसतील. सालींच्या छपराला आग लागलीच तर हाताशी पाणी असावं, म्हणून त्या तिथे असत.

ही ठिकाणं पाचला बंद होतात. साडेतीनच्या सुमारास आवरतं घ्या.

८. मंदिरातली संध्याकाळ

दारात बूट काढा, दिलेल्या सपाता घाला आणि तातामी चटईवर पाऊल ठेवण्याआधी त्याही काढा. स्नानगृह सामायिक असतं, पुरुषांचं आणि बायकांचं वेगळं. आधी बाहेर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ करायची, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. युकाता हा सुती झगा घालताना डावी बाजू उजवीवर घ्या; उलट पद्धत मृतांसाठी आहे.

जेवण ‘शोजिन र्योरी’ पद्धतीचं असतं. मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. रसाला चव येते ती कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि वाळवलेल्या शिताके अळिंबीची. दोन पदार्थ खास इथले. कोयादोफू म्हणजे गोठवून वाळवलेला तोफू, इथल्या कडक थंडीतून जन्मलेला. तो रस पिऊन स्पंजासारखा फुगतो. गोमादोफूत मात्र सोयाबीन नसतंच; तीळ, कुझूच्या मुळाचं सत्त्व आणि पाणी एकत्र सतत घोटून तो थापतात. शाकाहारी माणसाला जपानमध्ये इतकं निर्धास्त जेवण क्वचित मिळतं. कंदमुळं मात्र यात असतात, त्यामुळे जैन पद्धतीनं जेवणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच सांगावं. गावातल्या उपाहारगृहांत खाताना सावध राहा: साध्या दिसणाऱ्या नूडल्सच्या रसातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो.

जेवल्यावर लवकर झोपा.

९. पहाटेच्या पूजेला बसा

सहा किंवा साडेसहाला पूजा सुरू होते. पाच मिनिटं आधी जा. मांडी घालून बसलं तरी चालतं. बऱ्याच ठिकाणी बुटक्या खुर्च्याही असतात. फोटो काढू नका. धूप वाहायला बोलावलं तर चिमूटभर धूप कपाळाशी नेऊन निखाऱ्यावर सोडा आणि हात जोडा.

होम असेल तर आपल्याला फारसं समजावून सांगावं लागत नाही. कुंड, समिधा, तेलाची आहुती, चढत जाणारी ज्वाळा, आणि वर अचल म्हणजे फुदो म्योओ या देवतेची उग्र मूर्ती. मंत्र जपानी उच्चारात असले तरी मुळात संस्कृत आहेत. कुकाई ८०४ मध्ये चीनला गेले, छांगआनमध्ये हुइगुओ यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नालंदेत शिकलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूंकडे संस्कृत शिकले. सिद्धम लिपीही ते बरोबर घेऊन आले. भारतात ती लिपी आणि तो विधी ज्या मठांत होता ते मठ उरले नाहीत; इथे रोज सकाळी तो विधी होतो. मराठी माणसानं कोयासानला जावं, त्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हेच.

१०. न्याहारीनंतर ओकुनोइन

इचिनोहाशी पुलाशी जा आणि तिथून चालायला लागा. बसनं थेट ओकुनोइनमाएला उतरून अर्धा रस्ता वाचवता येतो, पण वाचवू नका. दोन किलोमीटरची ही वाट शेकडो वर्षांच्या देवदारांखालून जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन लाखांहून अधिक समाध्या आणि स्मारकं आहेत. सेनानी ओदा नोबुनागा आणि १५८२ मध्ये त्यांच्यावर उलटलेले सरदार आकेची मित्सुहिदे, दोघांचीही स्मारकं या एकाच रानात आहेत. वर्षानुवर्षं एकमेकांशी लढलेले सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हेही इथेच. कोबो दाइशींच्या सावलीत जागा मिळावी, एवढीच सगळ्यांची इच्छा. अलीकडच्या भागात कंपन्यांची स्मारकंही आहेत, आणि मारलेल्या वाळवीसाठी कीडनाशकवाल्यांच्या संघानं उभारलेला दगडही.

समाध्यांचे दगड नीट पाहा. चौकोन, गोल, त्रिकोण, अर्धगोल आणि माथ्यावर थेंबासारखा आकार, अशी पाच दगडांची उतरंड दिसेल. ही पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूतं. प्रत्येकावर सिद्धम लिपीतलं बीजाक्षर कोरलेलं असतं. खालून वर अ, व, र, ह, ख. देवनागरीच्या या नातेवाइकांतलं एखादं अक्षर आपलं आपल्याला ओळखता आलं, तर त्याचा आनंद मोठा असतो.

गोब्योबाशी पुलाच्या अलीकडे जिझो या बोधिसत्त्वाच्या मूर्तींवर पाणी वाहून लोक आपल्या दिवंगतांचं स्मरण करतात. आपणही करावं. पुलाशी टोपी काढा, वाकून नमस्कार करा. पुढे फोटो, खाणं, पिणं सगळं बंद. समोर तोरोदो हा दहा हजारांहून अधिक दिव्यांचा मंडप आणि त्याच्यामागे कुकाईंची समाधी. ते ८३५ मध्ये ध्यानाला बसले आणि आजही ध्यानातच आहेत, अशी इथली श्रद्धा. म्हणून सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांच्यासाठी ताजं शाकाहारी जेवण लाकडी पेटीतून पुलापलीकडे नेलं जातं. तुम्ही साडेदहापूर्वी पुलाशी पोचा, बाजूला उभे राहा आणि हात जोडा. संपूर्ण यात्रेत वेळ पाळायची सगळ्यांत महत्त्वाची जागा ही आहे.

११. परतीच्या वाटेवर दोन थांबे

ओकुनोइनमाएहून बसनं गावात परत या आणि कोयासान विद्यापीठाकडे वळा. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांनी लाखोंना धम्म दिला, त्यांना जपानच्या या जुन्या पीठानं आपल्या आवारात जागा दिली आहे. एक फूल वाहा.

मग केबल, गाडी, आणि कुदोयामाला उतरा. वीस-पंचवीस मिनिटं चाललं की जिसोन-इन येतं. कुकाईंच्या आईला वर प्रवेश नव्हता, म्हणून ती इथे राहिली आणि लेक तिला भेटायला महिन्यातून नऊदा डोंगर उतरून यायचा, अशी कथा आहे. बाळंतपण सुखरूप व्हावं, स्तनांचा आजार बरा व्हावा म्हणून बायका आजही इथे नवस बोलतात. इथूनच कोयासानची जुनी पायवाट सुरू होते: वरच्या गारानपर्यंत १८० दगडी खांब, दर १०९ मीटरला एक, प्रत्येक त्याच पंचमहाभूतांच्या आकाराचा. पहिला खांब पाहा. पुढच्या वेळी सहा-सात तासांची सवड काढून ही वाट चालायचीच, असं ठरवून स्टेशनवर या. संध्याकाळी नाम्बाला पोचाल.

जपानच्या सहलीत ओसाकाला दोन दिवस सहसा ठेवलेलेच असतात. ते दोन दिवस आणि मधली एक रात्र कोयासानला द्या. सोबत घरातलं वडीलधारं माणूस असेल तर आवर्जून न्या. चढ रेल्वे चढते, जेवण त्यांना चालेल असं आहे, आणि पहाटेच्या होमाशी बसल्यावर काय चाललं आहे हे सांगायला त्यांना तुमची गरज पडणार नाही.